यकृताच्या सेल लाइन्समधील जनुक-अभिव्यक्तीची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेप-जी२ आणि हू-७ या यकृताच्या गाठींतून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी, म्हणजे सेल लाइन्स. हेप-जी२ मध्ये एखादे जनुक हू-७ पेक्षा आठपट जास्त चालू दिसले, तर ते आठपट कुठून आले? पेशींच्या जनुकीय वारशातून, त्यांना वाढवलेल्या मीडियममधून (पोषक द्रावणातून), की मोजण्याच्या रीतीतून? पहिले कारण शोधायचे असेल, तर बाकीची दोन आधी बाजूला काढावी लागतात. खालची बहुतेक उत्तरे त्यासाठीच आहेत. ती प्रयोगशाळेत हाताने काम करणाऱ्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिली आहेत.

यकृताच्या म्हणून मिळणाऱ्या सेल लाइन्स एकमेकींपासून कितपत वेगळ्या आहेत?

खूपच. प्रत्येक लाइन एका रुग्णाच्या एका गाठीतून आलेली आहे आणि त्या रुग्णाचा इतिहास तिच्या जीनोममध्ये आहे.

हेप-जी२ ही १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून आली आणि हेप-३बी ८ वर्षांच्या मुलाच्या. दोन्हींचे वर्णन १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. हेप-जी२ मध्ये पेशीची बेफाम वाढ रोखणारे टीपी५३ जनुक शाबूत आहे, पण बीटा-कॅटेनिनच्या जनुकातला एक तुकडा गळालेला आहे. त्यामुळे तिथे डब्ल्यूएनटी मार्ग (पेशीला वाढीचा संकेत देणारी साखळी) सतत चालू राहतो आणि एएक्सआयएन२, एलजीआर५ ही जनुके चढलेली दिसतात. हेप-३बी मध्ये टीपी५३ नाहीच, शिवाय हेपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए तिच्या जीनोममध्ये शिरलेला आहे. हू-७ ही ५७ वर्षांच्या जपानी पुरुषाच्या गाठीतून १९८२ मध्ये तयार झाली. तिच्यात टीपी५३ मध्ये वाय२२०सी हा बदल आहे. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या पीएलसी/पीआरएफ/५ मध्येही हेपॅटायटिस बीचा डीएनए आहे. तिच्यातला टीपी५३ चा आर२४९एस बदल अफ्लाटॉक्सिनशी जोडला जातो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात सापडते तेच हे विष.

या चारही लाइन्स अल्ब्युमिन, एपीओए१, ट्रान्सथायरेटिन अशी यकृताची ओळख सांगणारी जनुके कमी-अधिक प्रमाणात चालू ठेवतात. एसएनयू-४४९, एसएनयू-३८७, एचएलई, एचएलएफ यांच्यात ही जनुके बरीच विझलेली असतात आणि व्हायमेंटिन (संयोजी ऊतींच्या पेशींची खूण) चढलेले असते. या दोन गटांतल्या लाइन्सची तुलना केली की हजारो जनुके बदललेली दिसतात. त्यांतली बहुतेक फक्त एवढेच सांगतात की एक पेशी अजून यकृतपेशीसारखी वागते आणि दुसरीने ते सोडून दिले आहे. तुमचा प्रश्न त्याविषयी नसेल, तर लाइन्स एकाच गटातल्या निवडा.

एसके-हेप-१ चे वेगळे सांगायला हवे. नावात ‘हेप’ असले तरी ती यकृतपेशी नाही, रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींच्या वंशाची आहे. ती अल्ब्युमिन बनवत नाही. अनेक डेटाबेसमध्ये ती ‘यकृत’ याच रकान्यात असते आणि तिथून ती नकळत विश्लेषणात येते. एलएक्स-२ ही यकृतात तंतू तयार करणाऱ्या स्टेलेट पेशींची लाइन आहे. फायब्रोसिसच्या (तंतू साठण्याच्या) अभ्यासाला ती उत्तम, पण यकृतपेशींच्या तुलनेत तिला जागा नाही.

हेप-जी२ ला हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची लाइन म्हणावे का?

नाही. सुरुवातीला तसे नोंदले गेले होते. २००९ मध्ये मूळ गाठीच्या नमुन्यांची पुन्हा तपासणी झाली आणि ती हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे लहान वयात होणारा यकृताचा कर्करोग, असल्याचे दाखवले गेले. हा फरक आकड्यांतही दिसतो: हेप-जी२ ची बरीच जनुके गर्भातल्या यकृताच्या वळणावर चालतात.

चँग लिव्हर, डब्ल्यूआरएल-६८ किंवा एल-०२ ‘नॉर्मल यकृत’ म्हणून कंट्रोलला घेतली तर चालेल का?

चालणार नाही. या तिन्ही लाइन्स हेला आहेत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी. त्या कधीतरी मूळ पेशींत मिसळल्या, वेगाने वाढल्या आणि मूळ पेशी संपल्या. बीईएल-७४०२ आणि एसएमएमसी-७७२१ यांचेही तसेच आहे. या सगळ्यांची नावे चुकीची ओळख असलेल्या सेल लाइन्सच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत आहेत.

‘कर्करोगाच्या पेशी विरुद्ध नॉर्मल पेशी’ अशी आखणी करून हेप-जी२ आणि चँग लिव्हर शेजारी ठेवल्या, तर प्रत्यक्षात यकृताचा कर्करोग आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तुलना होते. त्यातून निघणारे ‘कर्करोगात वाढलेले जनुक’ बहुधा यकृताचे साधे नेहमीचे जनुक असते. ही आखणी अजूनही प्रबंधांमध्ये दिसते. तिच्यावर वर्ष-दोन वर्षांची मेहनत आणि महागडी अभिकर्मके खर्च होतात, म्हणून हे इतके ठासून सांगावे लागते.

मग नॉर्मल म्हणून काय घ्यायचे? अगदी बिनखोट पर्याय नाही. गोठवलेल्या प्रायमरी मानवी यकृतपेशी सर्वांत जवळच्या. पण त्या महाग आहेत, दात्यागणिक बदलतात, आणि सपाट प्लेटवर टाकल्यावर २४ ते ४८ तासांत त्यांची सायटोक्रोम जनुके (औषधांचे चयापचय करणाऱ्या एंझाइमांची) झपाट्याने उतरू लागतात. त्या वापरायच्या असतील तर किमान तीन दात्यांच्या घ्या, दोन कोलॅजन थरांमध्ये वाढवा आणि प्लेटिंगपासूनचा वेळ नोंदवा. टीएचएलई-२ ही अमर केलेली यकृतपेशी आहे, पण तिला अमर करायला एसव्ही४० विषाणूचे मोठे टी प्रथिन वापरले आहे. ते पी५३ (टीपी५३ चे प्रथिन) आणि आरबी ही पेशीची वाढ रोखणारी दोन्ही प्रथिने बांधून ठेवते. पेशीचक्राच्या जनुकांसाठी तिला ‘नॉर्मल’ म्हणता येणार नाही.

माझ्या फ्लास्कमध्ये आहे ती लाइन खरी आहे, हे कसे तपासू?

एसटीआर चाचणी (डीएनएतल्या पुनरावृत्त तुकड्यांवरून पटवलेली ओळख) करून घ्या. लाइन प्रयोगशाळेत आल्यावर एकदा, गोठवलेला साठा करताना एकदा आणि लेख पाठवण्याआधी एकदा. मिळालेला प्रोफाइल सेलोसॉरस या मोफत डेटाबेसशी जुळवा. साधारण ८० टक्के किंवा त्याहून जास्त जुळणी झाली तर ती एकाच मूळची मानतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे सेल भांडार देशभरच्या प्रयोगशाळांना लाइन्स पुरवते. शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क उचलून आणण्यापेक्षा अशा भांडारातून आणलेली आणि पॅसेज क्रमांक (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा) माहीत असलेली लाइन केव्हाही बरी. लिंगाच्या खुणेवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. हू-७ पुरुषाची असूनही तिच्यातले वाय गुणसूत्र नाहीसे झाले आहे.

आरएनए सिक्वेन्सिंग केले असेल तर ओळखीचा पुरावा त्याच फाइल्समध्ये आहे. मानवी जीनोमबरोबर एचपीव्ही-१८ (हेलाच्या जीनोममध्ये असलेला विषाणू) आणि हेपॅटायटिस बी यांचे क्रमही संदर्भात जोडा आणि रीड्स (वाचलेले तुकडे) पुन्हा जुळवा. एचपीव्ही-१८ च्या ई६, ई७ चे रीड्स भरघोस आले तर तुमची ‘यकृत’ लाइन हेला आहे. हेप-३बी आणि पीएलसी/पीआरएफ/५ मध्ये हेपॅटायटिस बीचे रीड्स आलेच पाहिजेत, साध्या हेप-जी२ आणि हू-७ मध्ये येता कामा नयेत. टीपी५३ च्या जागी वाय२२०सी दिसला तर ती हू-७, आर२४९एस दिसला तर पीएलसी/पीआरएफ/५, आणि त्या जनुकाचे रीड्सच नसतील तर हेप-३बी असण्याची शक्यता मोठी. अर्ध्या तासाचे हे काम कधीही टाळू नका.

एक लाइन ईएमईएममध्ये वाढते, दुसरी डीएमईएममध्ये, तिसरी आरपीएमआयमध्ये. मीडियम अशी वेगवेगळी असताना तुलना कशी करायची?

सर्वांत जास्त फसगत इथे होते. ईएमईएममध्ये ग्लुकोज लिटरला १ ग्रॅम असते, आरपीएमआय-१६४० मध्ये २ ग्रॅम आणि हाय-ग्लुकोज डीएमईएममध्ये ४.५ ग्रॅम. यकृतपेशी ग्लुकोज ओळखते आणि त्याप्रमाणे जनुके हलवते. जास्त ग्लुकोजवर सीएचआरईबीपी हा घटक सक्रिय होतो आणि टीएक्सएनआयपी, पीकेएलआर, एफएएसएन वर जातात. म्हणजे हेप-जी२ ईएमईएममध्ये आणि हू-७ डीएमईएममध्ये ठेवून ‘हू-७ मध्ये मेदनिर्मिती जास्त’ असे लिहिले, तर त्यातला काही भाग बाटलीचा असतो. तो किती, हे नंतर कोणत्याही सांख्यिकीने वेगळे काढता येत नाही.

उपाय असा. सगळ्या लाइन्स एका समान मीडियमवर आणा. बहुतेक कामांना १ ग्रॅम ग्लुकोजचे डीएमईएम, १० टक्के एफबीएस (गर्भस्थ वासराचे सीरम) आणि २ मिलिमोलर ग्लुटामिन पुरते. बदल एका दिवसात करू नका. आधी जुने-नवे अर्धे-अर्धे, मग पूर्ण नवे, आणि त्यानंतर किमान दोन पॅसेज झाल्यावरच नमुने घ्या. एखादी लाइन समान मीडियममध्ये नीट वाढत नसेल, तर दोन लाइन्स दोन्ही मीडियममध्ये, असे चार गट करा. खर्च दुप्पट होतो खरा, पण लाइनचा परिणाम आणि मीडियमचा परिणाम वेगवेगळे मोजता येतात.

एफबीएस सगळ्यांना एकाच लॉटचे द्या. सीरममधले कोलेस्टेरॉल एलडीएलआर आणि एचएमजीसीआर या कोलेस्टेरॉल मिळवण्या-बनवण्याच्या जनुकांना दाबते. लॉट बदलला की ही दोन जनुके सरकतात. स्टॅटिन किंवा लिपिडचा अभ्यास असेल तर लिपोप्रोटीन काढलेले सीरम वापरा आणि ते किती तास दिले ते लिहा.

पेशी किती पेरायच्या आणि कधी काढायच्या?

सहा-वेल प्लेटच्या एका वेलचे क्षेत्र साधारण ९.५ चौरस सेंटिमीटर असते. हेप-जी२ साठी वेलला ४ ते ५ लाख पेशी पेरल्या तर ४८ तासांनी ७० ते ८० टक्के दाटी येते. हू-७ आणि एसएनयू-४४९ लवकर वाढतात, त्यांना कमी लागतात. ‘सगळ्यांना सारख्या पेशी पेरल्या’ यापेक्षा ‘काढताना सगळ्यांची दाटी सारखी होती’ हे महत्त्वाचे. दाटी वाढली की पेशीचक्राची जनुके उतरतात, दाटी ओळखणाऱ्या वायएपी मार्गाची सीटीजीएफ आणि सीवायआर६१ उतरतात, आणि यकृताची आपली जनुके थोडी चढतात. म्हणून आधी प्रत्येक लाइनची चाचणी-पेरणी करून आकडा ठरवा.

हेप-जी२ गुठळ्या करून वाढते. ट्रिप्सिननंतर पेशी नीट सुट्या केल्या नाहीत तर वेलच्या मध्यावर ढीग आणि कडेला मोकळी जागा असा प्रकार होतो. मग एकाच वेलमध्ये दोन वेगळ्या दाटींचा आरएनए मिळतो. ट्रिप्सिन थांबवल्यावर १० मिली पिपेटच्या टोकाने तळाशी टेकवून आठ-दहा वेळा वर-खाली करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुट्या पेशी दिसल्याशिवाय मोजायला घेऊ नका.

मीडियम बदलल्यावर बरोबर २४ तासांनी, सगळ्या लाइन्स एकाच दिवशी, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी काढा. पेशी ट्रिप्सिनने उचलून मग आरएनए काढू नका. त्या दहा-पंधरा मिनिटांत एफओएस, जेयूएन, ईजीआर१, एटीएफ३ ही ताणाला लगेच प्रतिसाद देणारी जनुके उसळतात, आणि घट्ट चिकटणाऱ्या लाइनला ट्रिप्सिन जास्त वेळ लागत असल्याने तिच्यात जास्त उसळतात. मीडियम काढा, थंड पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) एकदा धुवा आणि ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए जपणारे द्रावण) थेट वेलमध्ये घाला.

मायकोप्लाझ्मा तपासणे खरेच इतके आवश्यक आहे का? पेशी तर छान वाढताहेत.

छान वाढणाऱ्या पेशींतही मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू असू शकतो, कारण तो मीडियम गढूळ करत नाही. काही जाती मीडियममधले आर्जिनिन संपवतात. पेशीला उपासमार जाणवते आणि एएसएनएस, सीएचएसी१ यांसारखी एटीएफ४ या ताण-घटकाची जनुके चढतात. पाहणाऱ्याला तो औषधाचा परिणाम वाटतो. दर महिन्याला पीसीआर चाचणी करा. नमुना दोन दिवस न बदललेल्या, प्रतिजैविक नसलेल्या मीडियमचा घ्या.

आरएनए काढताना यकृतपेशींत वेगळे काय बिघडते?

ग्लायकोजेन, म्हणजे पेशीने साठवलेली शर्करा. जास्त ग्लुकोजवर वाढलेल्या हेप-जी२ आणि हू-७ मध्ये तो साठतो आणि आयसोप्रोपॅनॉलबरोबर आरएनएच्या गोळ्यात येऊन बसतो. शुद्धता सांगणारे प्रकाशशोषणाचे २६०/२८० गुणोत्तर २ च्या आसपास सुरेख दिसते, पण २६०/२३० एकाच्या खाली राहते. अशा नमुन्यात रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन (आरएनएवरून डीएनए बनवणे) अडखळण्याचा धोका असतो आणि सगळे सीटी (जनुक दिसू लागते ती पीसीआरची सायकल) उशिरा येतात.

पद्धत नेहमीचीच: वेलला १ मिली ट्रायझॉल, ५ मिनिटे खोलीच्या तापमानाला. ०.२ मिली क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोरात हलवणे, ३ मिनिटे थांबणे. मग ४ अंशांवर १२,००० जी ला १५ मिनिटे. वरचा थर घेताना मधल्या पांढऱ्या थरापासून दूर राहा. सगळा ओढून घेण्याचा मोह झाला की जीनोमिक डीएनए येतो. ग्लायकोजेनचा त्रास असेल तर ०.५ मिली आयसोप्रोपॅनॉलऐवजी ०.२५ मिली आयसोप्रोपॅनॉल आणि ०.२५ मिली जास्त मिठाचे द्रावण घाला. या द्रावणात ०.८ मोलर सोडियम सायट्रेट आणि १.२ मोलर सोडियम क्लोराइड असते. आरएनए खाली बसतो, शर्करा बऱ्याच अंशी वर राहतात. ७५ टक्के इथेनॉलने धुवा, गोळा पूर्ण कोरडा होऊ देऊ नका, नाहीतर तो विरघळता विरघळत नाही.

त्यानंतर डीएनेझ (उरलेला डीएनए तोडणारा एंझाइम). हा टप्पा वगळू नका. आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा दहापैकी आकडा) ८ किंवा वर असावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्या लाइन्सचा आरआयएन जवळपास सारखा असावा. एका लाइनचे सगळे नमुने ९.५ आणि दुसरीचे सगळे ७ असतील, तर त्या दोन लाइन्सची तुलना करू नका, आरएनए पुन्हा काढा.

जीएपीडीएच संदर्भ-जनुक म्हणून पुरेसे नाही का? सगळे तेच वापरतात.

संदर्भ-जनुक म्हणजे सगळीकडे सारखे चालते असे धरून ज्याच्या तुलनेत बाकीची जनुके मोजतात ते. एकाच लाइनमध्ये औषध दिलेले आणि न दिलेले नमुने असतील तर कदाचित पुरेल. लाइन-लाइनच्या तुलनेत सहसा पुरत नाही. जीएपीडीएच हा ग्लायकोलिसिसचा एंझाइम आहे. कर्करोगाच्या पेशींत ग्लायकोलिसिस किती चढलेले आहे हे लाइननुसार बदलते, ऑक्सिजन कमी पडला तरी बदलते. बीटा-ॲक्टिनचेही तेच: पसरून वाढणारी एसएनयू-४४९ आणि गुठळ्या करणारी हेप-जी२ यांचे सांगाडे सारखे नसतात. संदर्भ-जनुक एका लाइनमध्ये एका सायकलने सरकले, तर त्यावर आधारलेली प्रत्येक तुलना दुपटीने चुकते आणि आलेखात त्याचा मागमूसही दिसत नाही.

टीबीपी, एचएमबीएस, एसडीएचए, एचपीआरटी१, पीपीआयए, आरपीएलपी०, यूबीसी, वायडब्ल्यूएचएझेड यांतली सहा ते आठ जनुके घ्या आणि तुमच्याच लाइन्सच्या, तुमच्याच परिस्थितीतल्या नमुन्यांवर चालवा. जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या प्रोग्रामने त्यांची स्थिरता काढा. जीनॉर्ममध्ये व्ही२/३ हा आकडा (तिसरे जनुक जोडल्याने किती फरक पडतो) ०.१५ च्या खाली आला तर दोन जनुके पुरतात, नाहीतर तीन घ्या. निवडलेल्या जनुकांची भौमितिक सरासरी संदर्भ म्हणून वापरा. दुसऱ्या प्रयोगशाळेने हेप-जी२ आणि हू-७ साठी निवडलेली जोडी जशीच्या तशी उचलू नका. तुमचे मीडियम, पॅसेज आणि औषध वेगळे आहे.

प्रायमर निवडताना कोणती काळजी घ्यावी?

सर्वसाधारण नियम माहीत असतीलच: ७० ते १५० बेस-पेअरचा तुकडा, एक्झॉनच्या सांध्यावर प्रायमर, २०० ते ४०० नॅनोमोलर, शेवटी मेल्ट कर्व्ह, टेम्प्लेट नसलेला आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नसलेला असे दोन्ही कंट्रोल. जीएपीडीएच आणि पीपीआयए यांच्या जीनोममध्ये इंट्रॉन नसलेल्या छद्म-जनुकांच्या प्रती आहेत. तिथे सांध्यावरचा प्रायमरही वाचवत नाही, डीएनेझच वाचवतो.

यकृताच्या बाबतीत खास म्हणजे सायटोक्रोम जनुकांचे सीवायपी३ए कुटुंब. प्रौढ यकृतात सीवायपी३ए४ मुख्य असते आणि गर्भातल्या यकृतात सीवायपी३ए७. दोघांचे क्रम एकमेकांच्या इतके जवळ आहेत की ढिला प्रायमर दोन्ही पकडतो. हेप-जी२ मध्ये ३ए४ अत्यल्प असते, ३ए७ मात्र मिळते. ‘हेप-जी२ मध्ये सीवायपी३ए४ भरपूर’ असा निकाल आला तर आधी पीसीआरचा तुकडा सिक्वेन्स करून पाहा. यकृताची जनुके चालवणाऱ्या एचएनएफ४ए चे दोन प्रमोटर (जनुक जिथून सुरू होते त्या जागा) आहेत. प्रौढ यकृत मुख्यतः पी१ वापरते, गर्भ आणि कर्करोगात पी२ चे प्रकारही येतात. एकत्रित प्रायमर लावला की हा बदल दिसतच नाही.

कार्यक्षमता पाचदा दहापट पातळ केलेल्या मालिकेवर काढा. उतार उणे ३.१ ते उणे ३.६ मध्ये, म्हणजे कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत यावी. ९० आणि १०० टक्क्यांतला फरक किरकोळ वाटतो. पण दहा सायकलींत २ चा दहावा घात १०२४ होतो आणि १.९ चा ६१३, म्हणजे तफावत जवळजवळ १.७ पटींची. लक्ष्य आणि संदर्भ यांची कार्यक्षमता वेगळी असेल तर साधी डेल्टा-डेल्टा-सीटी (सीटींची निव्वळ वजाबाकी) सोडा आणि कार्यक्षमता धरणारी फाफलची रीत वापरा. सीटी ३५ च्या पुढे गेला तर पटींचा आकडा छापू नका, ‘मोजण्याच्या मर्यादेखाली’ लिहा. ‘आढळले नाही’ च्या जागी ४० भरून सरासरी काढणे चूक आहे.

प्लेट मांडताना एका जनुकासाठी सगळ्या लाइन्स एकाच प्लेटवर घ्या. हेप-जी२ सोमवारी आणि हू-७ मंगळवारी चालवली की प्लेटचा फरक लाइनच्या नावावर जमा होतो.

किती रेप्लिकेट हवेत, आणि रेप्लिकेट म्हणजे नेमके काय?

एकाच दिवशी एकाच फ्लास्कमधून भरलेल्या तीन वेल म्हणजे एन बरोबर तीन नव्हे. ते एकाच प्रयोगाचे तीन तुकडे आहेत. जैविक रेप्लिकेट म्हणजे वेगळी व्हायल उघडून किंवा निदान वेगळ्या पॅसेजवर, वेगळ्या दिवशी केलेला पूर्ण प्रयोग. क्यूपीसीआरला (प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरला) असे किमान तीन, सिक्वेन्सिंगला तीनच्या पुढे जितके परवडतील तितके. सहा मिळाले तर मध्यम बदलही विश्वासाने पकडता येतात. पैसे मर्यादित असतील तर नमुन्यामागे रीड्स कमी करा, पण रेप्लिकेट वाढवा. चाचणी डेल्टा-सीटीवर (लक्ष्य आणि संदर्भ यांच्या सीटीतल्या फरकावर) चालवा, पटींच्या आकड्यांवर नको. पटींचे वितरण एका बाजूला कललेले असते.

तीन-तीन रेप्लिकेट असले तरी हेप-जी२ म्हणजे एकच रुग्ण. हेप-जी२ आणि हेप-३बी यांच्यातला फरक ‘टीपी५३ असल्या-नसल्यामुळे’ आहे असे म्हणायला दोन लाइन्स पुरत नाहीत; त्या शेकडो इतर बाबतींतही वेगळ्या आहेत. तसे म्हणायचे असेल तर हेप-जी२ मध्येच टीपी५३ बंद करा, किंवा दोन्ही बाजूंना अनेक लाइन्स घ्या.

औषधाने हेप-जी२ मध्ये जनुक वाढले (पी ०.०१), हू-७ मध्ये नाही (पी ०.१२). म्हणजे परिणाम लाइननुसार बदलतो ना?

एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही, आणि हीच चूक सर्वांत जास्त छापली जाते. समजा, हेप-जी२ मध्ये वाढ २ पट आणि हू-७ मध्ये १.८ पट आहे, पण हू-७ चे रेप्लिकेट जास्त विखुरलेले आहेत. दोन्ही पी-मूल्ये अशी येऊ शकतात आणि दोन लाइन्सच्या प्रतिसादात मात्र फरक नसतो. एक ‘सार्थ’ आणि दुसरे ‘असार्थ’ म्हणजे ते दोन एकमेकांपासून सार्थपणे वेगळे, असे होत नाही.

प्रश्न थेट विचारा: औषधाचा परिणाम लाइनवर अवलंबून आहे का? डीईसेक२, एज-आर, लिम्मा या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरांत मॉडेलमध्ये लाइन, उपचार आणि या दोहोंची परस्परक्रिया अशी तीन पदे घाला आणि चाचणी तिसऱ्या पदाची करा. क्यूपीसीआरला द्विमार्गी ॲनोव्हात हेच करता येते. परस्परक्रिया पकडायला एका लाइनमधला परिणाम पकडण्यापेक्षा बरेच जास्त रेप्लिकेट लागतात. हे आखणी करतानाच हिशोबात धरा. दोन लाइन्सच्या ‘बदललेल्या जनुकां’च्या याद्यांची वर्तुळे काढून ‘फक्त हेप-जी२ मधील ३०० जनुके’ असे सांगणे हाही त्याच चुकीचा मोठा अवतार आहे. उंबरठ्याच्या जरा अलीकडे-पलीकडे पडलेली जनुके तिथे ‘खास’ ठरतात.

सिक्वेन्सिंगमध्ये प्रायमरी यकृतपेशी आणि हेप-जी२ यांची टीपीएमने तुलना करता येते का?

टीपीएम म्हणजे दर दहा लाख प्रतींमागे त्या जनुकाचा वाटा. चित्र काढायला ठीक, निष्कर्षाला धोकादायक. प्रायमरी यकृतपेशींत अल्ब्युमिन, एपीओए१, सर्पिनए१ अशी मोजकी जनुके रीड्सचा मोठा वाटा खातात. समजा, प्रायमरीत त्यांनी शंभरातले ५० घेतले आणि हेप-जी२ मध्ये १०. उरलेल्यांसाठी एकीकडे ५० आणि दुसरीकडे ९० शिल्लक राहतात. पेशीतल्या प्रती अगदी सारख्या असलेले जनुकही मग प्रायमरीत ४४ टक्के कमी दिसते. नमुने एका मापावर आणणारी टीएमएम किंवा डीईसेक२ ची मध्यक-गुणोत्तर रीत हा घोळ बऱ्याच अंशी सावरते, कारण ती बहुसंख्य न बदललेल्या जनुकांवर आधारते. पण दोन नमुने इतके भिन्न असतील की बहुसंख्य जनुकेच बदललेली आहेत, तर तिचाही पाया हलतो. तेव्हा पेशी मोजून, ठरावीक पेशीसंख्येमागे ठरावीक ईआरसीसी स्पाइक-इन आरएनए (बाहेरून घालायचा, प्रमाण माहीत असलेला आरएनए) लायसिसच्या, म्हणजे पेशी फोडण्याच्या, वेळीच घालावा. आरएनए मोजून झाल्यावर घातला तर पेशीमागच्या आरएनएचा फरक पुसला जातो.

जनुक-पातळीच्या कामाला नमुन्यामागे २ ते ३ कोटी रीड-जोड्या पुरतात. सगळ्या लाइन्सना लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) बनवण्याची एकच रीत वापरा: पॉली-ए तर सगळीकडे पॉली-ए. आणि लायब्ररीच्या प्रत्येक तुकडीत प्रत्येक लाइनचा किमान एक नमुना ठेवा. एक लाइन पूर्ण एका तुकडीत गेली की बॅच-दुरुस्तीचे कोणतेही सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नाही.

सार्वजनिक डेटा माझ्या डेटाशेजारी ठेवला तर?

डेपमॅप या कर्करोगाच्या लाइन्सच्या डेटाबेसमध्ये यकृताच्या लाइन्सचे आकडे सहज मिळतात आणि हेप-जी२ ही जीनोमचे कार्य नोंदवणाऱ्या एन्कोड प्रकल्पाच्या मुख्य लाइन्सपैकी एक असल्याने तिचा साठा फार मोठा आहे. लाइन निवडायला, जनुक कुठे चालू-बंद आहे ते पाहायला तो अमोल आहे. पण डेपमॅपमधली हू-७ आणि तुमची हेप-जी२ अशी जोडी लावून फरक काढू नका. तिथल्या सगळ्या लाइन्स आपसात तुलना करा, तुमच्या तुमच्यात, आणि मग दोन्हीकडची दिशा जुळते का पाहा. एसके-हेप-१ गाळायला विसरू नका.

हेपा-आरजी कुठे बसते?

हेपा-आरजी ही पक्व यकृतपेशींसारखी करता येणारी यकृताची लाइन आहे. औषध-चयापचयाच्या कामात ती हेप-जी२ पेक्षा प्रायमरी पेशींच्या कितीतरी जवळ आहे. पण तयारी मोठी: दोन आठवडे वाढवणे, मग सुमारे २ टक्के डीएमएसओवर आणखी दोन आठवडे. विल्यम्स ई मीडियममध्ये इन्सुलिन आणि ५० मायक्रोमोलर हायड्रोकॉर्टिसोन हेमिसक्सिनेट असते. डीएमएसओ आणि हायड्रोकॉर्टिसोन दोन्ही स्वतःच जनुके हलवतात, म्हणून हेपा-आरजी आणि हेप-जी२ यांच्यातल्या फरकात त्यांचा वाटा असतो. शिवाय तयार प्लेटमध्ये यकृतपेशींसारख्या आणि पित्तनलिकेच्या पेशींसारख्या अशा दोन्ही पेशी असतात, ढोबळमानाने निम्म्या-निम्म्या. संपूर्ण वेलचा आरएनए ही दोघांची सरासरी. केआरटी१९ (पित्तनलिकेच्या पेशींची खूण) जास्त दिसले तर एखाद्या यकृतपेशीत ते चढले असे समजू नका.

गुणसूत्रांच्या जादा प्रतींचा विचार करावा का?

करावाच. हेप-जी२ मध्ये गुणसूत्रे ४६ नसून ५० ते ६० च्या दरम्यान असतात. २, १४, १६, १७ आणि २० या गुणसूत्रांच्या जादा प्रती आहेत. एचएनएफ४ए हे २० व्या गुणसूत्रावर आहे. ते हेप-जी२ मध्ये जास्त दिसले तर नियंत्रणाची गोष्ट रचण्याआधी प्रती मोजा. बदललेली जनुके गुणसूत्रांवर मांडून पाहिली की एका पट्ट्यातली सगळी एकाच दिशेला गेलेली दिसतात, आणि कारण तिथेच कळते.

प्रयोग जागेवर आहे हे कोणत्या जनुकांवरून लवकर कळेल?

पहिल्या प्लेटवर ही जनुके लावा. अल्ब्युमिन: हेप-जी२, हू-७, हेप-३बी मध्ये ठळक, एसके-हेप-१ मध्ये जवळपास नाही. जीपीसी३ (यकृताच्या कर्करोगाची खूण): त्या तिन्हींत जास्त, एसके-हेप-१ मध्ये नाही. व्हायमेंटिन: एसएनयू-४४९ आणि एसके-हेप-१ मध्ये जास्त. एसएलसी१०ए१ (हेपॅटायटिस बीला पेशीत शिरू देणारे): हेप-जी२ मध्ये नगण्य, आणि म्हणूनच त्या पेशींना हेपॅटायटिस बीची लागण करायला हे जनुक बाहेरून घालावे लागते. एक कृतिशील चाचणीही करा. १० मायक्रोमोलर नटलिन-३ए (पी५३ ला सक्रिय करणारे रसायन) २४ तास द्या. हेप-जी२ मध्ये सीडीकेएन१ए आणि एमडीएम२ स्पष्ट चढले पाहिजेत, हेप-३बी मध्ये हलता कामा नयेत. हेप-३बी मध्येही चढले, तर पुढचे काम थांबवून एसटीआरसाठी नमुना पाठवा.